गाठ तेवढीच, पण जिवंत आहे का?

यकृताच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया न करता उपचार झाले की साधारण महिन्याभराने पहिला एमआरआय होतो. रिपोर्टचे पाकीट हातात पडताच घरची माणसे त्यात सेंटिमीटरचा आकडा शोधतात. आधी गाठ तीन सेंटिमीटर होती आणि आता साडेचार लिहिले आहे, हे वाचून घरात कुणी काही बोलेनासे होते. पुष्कळदा त्याच रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत उपचार यशस्वी झाल्याचे म्हटलेले असते, पण तिथवर नजर पोचत नाही. सुईने गाठ जाळताना तिच्याभोवतीची निरोगी यकृताची कडही मुद्दाम जाळलेली असते. त्यामुळे उपचार नीट झाला असेल तर तिथला डाग मूळ गाठीहून मोठाच दिसायला हवा. तो गाठीएवढाच दिसला, तर डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते.

शस्त्रक्रियेत गाठ बाहेर येते. पॅथॉलॉजिस्ट तिच्या चकत्या करून कडा तपासतो आणि गाठ पूर्ण निघाली की नाही, हे काचपट्टीवर कळते. बिगरशस्त्रक्रिया उपचारांत ती सोय नाही. गाठ मेली तरी जागेवरच राहते, कधी वर्षानुवर्षे. सुई घालून तुकडा काढायचा म्हटले तर मेलेल्या पेशींच्या ढिगाऱ्यात कुठेतरी पाच मिलिमीटरचा जिवंत कोपरा उरलेला असू शकतो, आणि सुई नेमकी तिथेच जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून निकाल चित्रावरूनच द्यावा लागतो. हा निकाल कसा दिला जातो, त्याच्या पद्धती कशा बदलत गेल्या आणि तो कुठे चुकू शकतो, याचा हा आढावा आहे.

आधी रोगाबद्दल थोडे. यकृतातच जन्मणाऱ्या कर्करोगांत सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, डॉक्टरांच्या बोलण्यातला एचसीसी. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार मृत्यू झाले. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, यावरूनच रोगाचा स्वभाव कळतो. बहुतेक रुग्णांत हा कर्करोग आधीच खराब झालेल्या यकृतात उगवतो. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, आणि अलीकडे मधुमेह व लठ्ठपणातून येणारे फॅटी लिव्हर, या वाटांनी सिरॉसिस होतो आणि त्या जून, गाठाळ यकृतात एक गाठ वेगळी वागू लागते. अशा यकृताचा मोठा भाग कापून काढला तर उरलेल्या भागावर माणूस निभावेलच असे नाही. म्हणूनच फार मोठ्या संख्येने रुग्णांना शस्त्रक्रियेखेरीजचे उपचार दिले जातात.

ते उपचार तीन-चार तऱ्हांचे आहेत. लहान गाठीत सुई घालून ती रेडिओफ्रिक्वेन्सीने किंवा मायक्रोवेव्हने जाळतात, याला अ‍ॅब्लेशन म्हणतात. मोठ्या किंवा अनेक गाठी असतील तर मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी यकृताच्या धमनीपर्यंत नेऊन तिथे केमोथेरपीचे औषध सोडतात आणि रक्तवाहिनी बंद करतात. हे केमोएम्बोलायझेशन, रोजच्या भाषेत ‘टेस’. त्याच वाटेने यट्रियम-९० या किरणोत्सारी मूलद्रव्याच्या सूक्ष्म गोलिका सोडल्या तर ते रेडिओएम्बोलायझेशन. काही ठिकाणी बाहेरून नेमका रेडिएशनचा मारा करतात, त्याला एसबीआरटी म्हणतात. आणि रोग पुढे गेलेला असेल तर गोळ्या किंवा इम्युनोथेरपीची सलाइन.

यातले बरेचसे उपचार आणि त्यांची तपासणी यकृताच्या एका वैशिष्ट्यावर उभी आहे. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते: सुमारे तीन चतुर्थांश आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून आणि उरलेले धमनीतून. एचसीसीची गाठ मात्र वाढता वाढता जवळजवळ सगळे रक्त धमनीतून ओढू लागते. सगळे शिवार कालव्याच्या पाण्यावर असताना एखाद्याने स्वतःची विहीर पाडून घ्यावी तसे. म्हणून धमनी बंद केली की गाठ उपाशी मरते आणि बाकीचे यकृत पोर्टल व्हेनच्या रक्तावर तगून राहते. आणि म्हणूनच नसेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उठून दिसणारे औषध, दिल्यावर, ते धमनीत पोचले पण पोर्टल व्हेनमध्ये अजून पुरते उतरले नाही, अशा काही सेकंदांत जिवंत गाठ आजूबाजूच्या यकृतापेक्षा उजळ दिसते. पुढच्या मिनिटांत यकृत भरते आणि गाठ मागे पडून काळपट दिसू लागते. आधी उजळणे आणि मग फिके पडणे, ही एचसीसीची खूण इतकी पक्की मानली जाते की सिरॉसिसच्या रुग्णात ती दिसली तर बायोप्सीशिवाय निदान होते. उपचारानंतरही हीच खूण शोधायची असते.

हे आज सरळ वाटते, पण कर्करोगाच्या जगात ते उशिरा रुजले. उपचाराचा गुण मोजण्याची जुनी रीत पट्टी लावण्याची होती. जागतिक आरोग्य संघटनेचे निकष त्यावरच बेतलेले होते आणि २००० साली आलेले रेसिस्ट निकषही: गाठीचा सर्वांत मोठा व्यास घ्या, तीस टक्क्यांनी घटला तर गुण आला. केमोथेरपीने वितळणाऱ्या गाठींना ही पट्टी चालते. जागेवर मरून पडलेल्या गाठीला ती चालत नाही. २००० साली बार्सिलोनात भरलेल्या युरोपीय यकृततज्ज्ञांच्या परिषदेने हे ओळखले आणि गाठीचा मेलेला भाग मोजणीतून वगळावा, असे पुढच्या वर्षी छापून सांगितले. २००९ मध्ये बार्सिलोनाच्याच अलेहान्द्रो फोर्नेर आणि सहकाऱ्यांनी सुई आणि टेस झालेल्या रुग्णांची चित्रे दोन्ही रीतींनी तपासली. ज्या गाठी पूर्ण मेल्या होत्या, त्यांतली एकही रेसिस्टच्या पट्टीला पूर्ण बरी झालेली दिसली नाही. एका मोजमापाच्या विरोधात याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो. २०१० मध्ये रिकार्डो लेन्चोनी आणि जोसेप योवेत यांनी सुधारित रेसिस्ट मांडले. व्यासच मोजायचा, पण धमनीच्या टप्प्यात उजळणाऱ्या, म्हणजे जिवंत भागाचा.

पट्टी बदलल्याने काय फरक पडतो, हे औषधांच्या चाचण्यांतही दिसते. सोराफेनिब या एचसीसीवरील औषधाची ‘शार्प’ नावाची चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १०.७ महिने होते, न घेणाऱ्यांचे ७.९. पण जुन्या रेसिस्टप्रमाणे गाठ लक्षणीय घटलेले रुग्ण जेमतेम दोन टक्के. म्हणजे माणसे जास्त जगत होती आणि पट्टी म्हणत होती की काही घडले नाही. २०२० मध्ये अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या जोडीच्या चाचणीत दोन्ही पट्ट्या लावल्या गेल्या. रुग्ण तेच, चित्रे तीच. जुन्या पट्टीने गुण आलेले २७.३ टक्के, सुधारित पट्टीने ३३.२ टक्के. यातली कोणती खरी, असे विचारण्यात अर्थ नाही. पण रुग्णाला किंवा नातेवाइकाला कुणी टक्केवारी सांगितली, तर ती कशाने मोजली हे विचारण्यात नक्कीच अर्थ आहे.

आता यंत्राकडे वळू. एमआरआयचे बळ असे की तो एकाच जागेचे अनेक अंगांनी वर्णन करतो. टी-वन चित्रात जळून आटलेली पेशी पांढुरकी दिसते. टी-टू चित्रात तीच काळी पडते, आणि जिवंत गाठ मात्र किंचित उजळ असते. डिफ्यूजनच्या चित्रात पाण्याच्या रेणूंची हालचाल दिसते: दाटीवाटीने वाढणाऱ्या कर्कपेशींमध्ये पाणी अडते, मेलेल्या भागात पेशींच्या भिंती फुटून ते मोकळे होते. सीटीकडे यांपैकी काहीच नाही. त्याला फक्त घनता कळते. पण या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे कॉन्ट्रास्ट दिल्यानंतरचा धमनीचा टप्पा. रिपोर्टचा खरेखोटेपणा बव्हंशी तिथेच ठरतो.

तो टप्पा जवळून पाहण्याजोगा आहे. रुग्ण नळीत आडवा आहे, हाताला सुई लावलेली, कानावर हेडफोन. गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट पंपाने शिरेत सुटते, मागोमाग सलाइन. साधारण अर्ध्या मिनिटात ते हृदय आणि फुप्फुसे ओलांडून यकृताच्या धमनीत येते. तंत्रज्ञ हेडफोनमध्ये सांगतो: श्वास घ्या, सोडा, आता थांबवून ठेवा. पुढचे पंधरा-वीस सेकंद संपूर्ण यकृताच्या शंभराच्या आसपास चकत्यांची चित्रे घेतली जातात. या काळात रुग्णाने एकदा जरी श्वास घेतला, तर चित्रावर लाटा उमटतात आणि तो क्षण परत मिळत नाही, कारण कॉन्ट्रास्ट पुढे निघून गेलेले असते. चित्र वाचणारा जाणकार रेडिओलॉजिस्ट गाठ पाहण्याआधी रक्तवाहिन्या पाहतो. धमनी लख्ख हवी, पोर्टल व्हेनमध्ये कॉन्ट्रास्ट नुकते उतरू लागलेले हवे आणि हृदयाकडे जाणाऱ्या हिपॅटिक व्हेन अजून काळ्या हव्यात. पोर्टल व्हेनही काळीच असेल तर चित्र लवकर घेतले गेले. जिवंत गाठीलाही उजळायला वेळ मिळालेला नसतो. अशा चित्रावर ‘गाठ मेली’ असा निर्वाळा देणे धोक्याचे. पोटात पाणी झालेल्या, धाप लागणाऱ्या सिरॉसिसच्या रुग्णाला वीस सेकंद श्वास धरणे ही साधी गोष्ट नसते. माझ्या मते चांगल्या एमआरआय केंद्राची पारख यंत्राच्या टेस्लावरून, म्हणजे चुंबकाच्या ताकदीवरून, करू नये. आत पाठवण्यापूर्वी श्वास धरण्याचा सराव करून घेणारा तंत्रज्ञ तिथे आहे का, हे पाहावे.

दुसरी अडचण जळालेल्या गाठीची. ती कॉन्ट्रास्टच्या आधीच टी-वनमध्ये पांढुरकी असते. कॉन्ट्रास्टनंतर पांढरी दिसली, तर ते पांढरेपण आधीचे की रक्ताने आणलेले, हे डोळ्यांना ठरवता येत नाही. यावर उपाय वजाबाकीचा. कॉन्ट्रास्टनंतरच्या चित्रातून आधीचे चित्र संगणकाने वजा करायचे. उरेल ते फक्त कॉन्ट्रास्टचे काम. मेलेली गाठ या चित्रात काळ्या खड्ड्यासारखी दिसते आणि कडेला काही जिवंत असेल तर ते उठून दिसते. मात्र दोन्ही वेळी श्वास सारख्याच पातळीवर थांबलेला हवा. नाहीतर दोन चित्रे एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि सरकलेल्या कडेवर खोटी पांढरी रेघ उमटते. ही रेघ कर्करोग समजून पुन्हा उपचार होऊ शकतो, म्हणून वजाबाकीचे चित्र मूळ चित्रांशेजारी ठेवूनच वाचायचे असते.

कॉन्ट्रास्टचेही दोन प्रकार आहेत. साधे गॅडोलिनियम रक्तातून पेशींबाहेरच्या जागेत पसरते आणि मूत्रपिंडावाटे निघून जाते. गॅडोक्सेटेट नावाचे दुसरे, यकृताच्या निरोगी पेशी स्वतःत ओढून घेतात; वीस मिनिटांनी घेतलेल्या चित्रात यकृत उजळते आणि ज्यात तशा पेशी नाहीत त्या जागा काळ्या उरतात. नवी, एक सेंटिमीटरहून लहान गाठ पकडायला हे उत्तम. पण उपचार झालेल्या गाठीबाबत त्याचा फारसा उपयोग नाही, कारण मेलेली गाठही काळी आणि जिवंतही काळीच. शिवाय काही रुग्णांना हे कॉन्ट्रास्ट गेल्यावर क्षणभर श्वास अडखळल्यासारखे होते, तेही नेमके धमनीच्या टप्प्यात. कावीळ बरीच वाढलेली असेल तर पेशी ते पुरेसे ओढतही नाहीत. महाग म्हणजे प्रत्येक वेळी चांगले, असे इथे नाही.

उपचार वेगळा तसे चित्रही वेगळे, आणि गोंधळाची मुळे इथेच आहेत. अ‍ॅब्लेशननंतर पहिले काही आठवडे जळालेल्या भागाभोवती एक पातळ, सारख्या जाडीची उजळ कड दिसते. ती शरीराची जखमेला दिलेली प्रतिक्रिया असते आणि काही महिन्यांत विरते. कड एका जागी जाड, वेडीवाकडी, गाठीसारखी झाली तर मात्र तिथे रोग उरला आहे असे समजायचे. सुईच्या वाटेलगत पाचराच्या आकाराचा एखादा भाग धमनीच्या टप्प्यात उजळतो. तिथे धमनी आणि पोर्टल व्हेन यांच्यात आडवाट पडलेली असते, कर्करोग नसतो. एमआरआयचा एक खास फायदा असा की जळालेल्या पांढुरक्या भागाच्या आत मूळ गाठीची बाह्यरेषा पुष्कळदा वेगळी दिसते, त्यामुळे तिच्या चहूबाजूंनी निदान पाच मिलिमीटरची कड जळाली का, हे मोजता येते. जिथे कड अपुरी, तिथे रोग परतण्याची शक्यता जास्त. रक्तवाहिनीला चिकटलेल्या गाठींत हे फार होते, कारण वाहते रक्त उष्णता ओढून नेते.

टेसनंतर एमआरआय आणि सीटी यांतला फरक सर्वांत ठळक होतो. पारंपरिक टेसमध्ये औषध लिपिओडॉलमध्ये मिसळतात. लिपिओडॉल म्हणजे आयोडीन जोडलेले खसखशीचे तेल. ते गाठीत महिनोन्महिने साचून राहते आणि सीटीत चुन्यासारखे पांढरेफटक दिसते. सीटीचे कॉन्ट्रास्टही आयोडीनचेच. पांढऱ्यावर पांढरे शोधायचे कसे? तेल कुठे बसले हे सीटी छान दाखवतो, आणि तेल गच्च बसलेली गाठ बहुधा मेलेली असते, हेही खरे. पण तेलाच्या कडेला दडलेला जिवंत भाग त्या चकाकीत हरवतो. एमआरआयला लिपिओडॉलची अशी अडचण होत नाही, आणि टेसनंतर उरलेला रोग शोधण्यात तो सरस ठरल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. औषधभरल्या मण्यांनी टेस केले असेल तर तेल नसते, आणि सीटीही बराच न्याय देतो. म्हणून टेस कोणत्या पद्धतीने झाले, हे रेडिओलॉजिस्टला कळणे आवश्यक आहे.

रेडिएशनच्या बाबतीत सर्वांत जास्त धीर लागतो, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. यट्रियम-९० चे अर्धे आयुष्य सुमारे ६४ तासांचे. त्याचे कण ऊतीत सरासरी अडीच मिलिमीटर जातात. दोन आठवड्यांत जवळपास सगळा मारा संपतो. पण गाठ तेव्हा मरत नाही. किरणांनी डीएनए तुटलेली पेशी पुढे विभागायला निघते, तेव्हा मरते. रक्तवाहिन्या हळूहळू बुजतात. परिणामी महिन्याभराने काढलेल्या चित्रात गाठ सुजून मोठी झालेली, धमनीच्या टप्प्यात अजून उजळणारी दिसू शकते. टेसनंतर हेच चित्र अपयशाचे ठरले असते. एसबीआरटीनंतर तर हे उजळणे सहा महिने, वर्षभर, कधी त्याहून अधिक टिकते आणि मग निवळते. आजूबाजूच्या यकृताचा पट्टाही आधी सुजेने उजळतो आणि नंतर आक्रसून आत ओढला जातो. ज्याला हे ठाऊक नाही तो पहिल्या चित्रावर ‘रोग शिल्लक’ असे लिहील आणि रुग्ण दुसऱ्या उपचाराकडे ढकलला जाईल, ज्याची त्याच्या थकलेल्या यकृताला गरजही नव्हती आणि पेलण्याची ताकदही नव्हती. म्हणून रेडिएशननंतर निर्णायक चित्र तीन महिन्यांच्या आधी मानू नये, आणि एकाच चित्रावर तर मुळीच जाऊ नये.

महाराष्ट्रात हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. यट्रियमच्या गोलिका परदेशातून मागवाव्या लागत असल्याने हा उपचार फार थोड्यांच्या आवाक्यात होता. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने यट्रियमच्या काचेच्या गोलिका देशातच विकसित केल्या आहेत. त्या जसजशा पोचतील तसतसे असे रुग्ण जिल्ह्याच्या गावांतल्या एमआरआय केंद्रांतही तपासणीला येतील, आणि तिथल्या रेडिओलॉजिस्टसमोर ही चित्रे येऊ लागतील.

या सगळ्या अनुभवाला शिस्त लावण्याचे काम अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या लाय-रॅड्स पद्धतीने केले. ती २०११ मध्ये निदानासाठी आली. उपचारानंतरच्या गाठींसाठी वेगळी रीत २०१७ मध्ये जोडली गेली. तिने प्रत्येक उपचारित गाठीला चारपैकी एक शेरा द्यायला सांगितले: जिवंत नाही, संदिग्ध, जिवंत, आणि चित्र खराब असल्याने सांगता येत नाही. शेवटचा शेरा मला फार मोलाचा वाटतो. श्वास हलला, टप्पा चुकला, तर अंदाज बांधण्यापेक्षा तसे लिहून मोकळे होण्याची मुभा त्याने दिली. पण या पद्धतीने सगळ्या उपचारांना एकाच मापात बसवले होते आणि रेडिएशनच्या गाठी त्यात सारख्या अडकत. २०२४ च्या सुधारणेत दोन वेगळ्या वाटा केल्या गेल्या. रेडिएशनविना झालेल्या उपचारांत संदिग्ध गाठ डिफ्यूजन किंवा टी-टू चित्राच्या आधारे जिवंत ठरवता येते. रेडिएशननंतरच्या वाटेवर संदिग्धऐवजी एक नवा शेरा आला: वाढत नसलेली. उजळते आहे, पण वाढत नाही. थांबा आणि पुन्हा पाहा. या एका शेऱ्याने कितीतरी अनावश्यक उपचार टळतील असे मला मनापासून वाटते.

इम्युनोथेरपीच्या बाबतीत मात्र अजून पक्के काही हाती नाही. शरीराच्या संरक्षक पेशी गाठीत शिरल्या की गाठ काही काळ फुगू शकते. २०१७ मध्ये आलेल्या इम्युनोथेरपीच्या निकषांनी म्हणूनच पहिल्या वाढीवर निर्णय न घेता चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा चित्र काढायला सांगितले. यकृताच्या कर्करोगात अशी खोटी वाढ क्वचितच होते. बहुतेक वेळा वाढ ही वाढच असते. त्यामुळे आशेने थांबणे आणि वेळेत औषध बदलणे यांतला निर्णय चित्राबरोबर रुग्णाची तब्येत आणि रक्तातील एएफपी (गाठीतून स्रवणारे एक प्रथिन) यांच्या आधारेच होतो. एएफपीही प्रत्येकाच्या गाठीतून स्रवत नाही. उपचाराआधी ते वाढलेलेच नसेल, तर नंतर नॉर्मल आल्याने काही सिद्ध होत नाही.

एमआरआयच्या निकालावर किती विसंबावे? याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर प्रत्यारोपणाने दिले आहे. १९९६ मध्ये मिलानच्या विन्चेन्झो माझ्झाफेर्रो यांनी दाखवले की एकच गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत किंवा तीन गाठी प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंत असतील, तर नवे यकृत बसवून रुग्ण उत्तम जगतो. तेव्हापासून यकृताची वाट पाहणाऱ्या रुग्णांच्या गाठी टेस, सुई किंवा यट्रियमने रोखून धरतात. यकृत मिळाले की जुने यकृत बाहेर येते, पॅथॉलॉजिस्ट त्याच्या चकत्या करतो आणि आधीचा एमआरआय रिपोर्ट खरा होता की नाही, हे उघड होते. अशा अभ्यासांत वारंवार एकच गोष्ट दिसली. ‘जिवंत’ हा शेरा बहुधा खरा निघतो. ‘जिवंत नाही’ हा शेरा तितका भरवशाचा नाही. पुष्कळ गाठींत काही मिलिमीटरचे जिवंत कण सापडतात, जे कोणत्याही यंत्राला दिसण्याजोगे नसतात. आणखी एक गोष्ट एमआरआयच्या चाहत्यांना रुचणार नाही, पण सांगायला हवी: लाय-रॅड्सची उपचारोत्तर रीत वापरली असता सीटी आणि एमआरआय यांच्या अचूकतेत सरसकट फार मोठा फरक आढळलेला नाही. लिपिओडॉल असेल, गाठ लहान असेल, रुग्ण श्वास धरू शकत असेल, तर एमआरआय. पोट पाण्याने फुगले असेल, रुग्ण दोन मिनिटेही सरळ निजू शकत नसेल, तर नीट झालेला सीटी हा हललेल्या एमआरआयपेक्षा केव्हाही चांगला. मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर गॅडोलिनियमचा प्रकार विचारपूर्वक निवडावा लागतो. आजची स्थिर रेणूंची औषधे पूर्वीच्या काही औषधांपेक्षा बरीच सुरक्षित आहेत, पण मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय रुग्णाला टेबलावर घेऊ नये.

माझा मुख्य मुद्दा यंत्राबद्दलचा नाही. उपचारानंतरचा एमआरआय हा नेहमी तुलनेचा असतो. उपचाराआधी गाठ कशी दिसत होती, हे समोर नसेल तर अर्धी माहिती गेली. धमनीच्या टप्प्यात न उजळणारीही एचसीसी असते. ती आधीच उजळत नव्हती हे ठाऊक नसलेला वाचक तिला मेलेली ठरवेल. आपल्याकडे रुग्ण उपचाराला मुंबई-पुण्याला येतो, तिसऱ्या महिन्याची तपासणी नांदेडला किंवा जळगावला करतो, सहाव्या महिन्याची आणखी तिसरीकडे, जिथे चार पैसे कमी पडतात तिथे. यात त्याचा काहीही दोष नाही. प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब त्यालाच करावा लागतो. पण प्रत्येक ठिकाणी तो फक्त फिल्म आणि टाइप केलेला रिपोर्ट घेऊन जातो. फिल्मवर शेकडो चित्रांपैकी निवडक पंचवीस-तीस छापलेली असतात. सगळी चित्रे सीडीत असतात, आणि सीडी घरी कपाटात. डिस्चार्ज कार्डावर ‘टेस केले’ एवढेच असते. तेल होते की मणी, कोणत्या गाठीवर, कोणत्या तारखेला, हे नसते. रेडिओलॉजिस्टकडे येणाऱ्या चिठ्ठीवर तर अनेकदा ‘एमआरआय लिव्हर’ असे दोनच शब्द. अशा चिठ्ठीवर उत्तम यंत्रही उत्तम निकाल देऊ शकत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी चार ओळी जास्त लिहिल्या, तर अनेक ‘संदिग्ध’ शेरे टळतील, याबद्दल मला शंका नाही.

तपासण्यांचे वेळापत्रकही यावरूनच ठरते. सुई किंवा टेसनंतर पहिला एमआरआय साधारण महिन्याने, मग दर तीन महिन्यांनी. रेडिएशननंतरचा पहिला निर्णायक एमआरआय तीन महिन्यांनी. दोन वर्षे स्वच्छ गेली तर अंतर सहा महिन्यांवर नेतात. हे थांबवता येत नाही, कारण उपचार एका गाठीवर झालेला असतो आणि रोग सगळ्या यकृताच्या जमिनीत असतो. गाठ कापून काढली किंवा जाळली तरी पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत यकृतात पुन्हा कुठेतरी रोग दिसतो, पुष्कळदा जुन्या जागेपासून दूर. म्हणून प्रत्येक वेळी रेडिओलॉजिस्टला दोन कामे करायची असतात: जुनी जागा जिवंत आहे का ते पाहणे आणि बाकीच्या यकृताची पहिल्यांदा पाहत असल्यासारखी छाननी करणे. नवी गाठ दोन सेंटिमीटरच्या आत पकडली गेली तर पुन्हा सुईने जाळता येते, तेही एका दिवसाच्या मुक्कामात. पुढच्या तारखेला जाताना आधीच्या सगळ्या सीड्या, उपचाराआधीच्या पहिल्या सीडीसकट, आणि प्रत्येक उपचाराचे कार्ड एका पिशवीत घेऊन जावे आणि चित्र काढण्याआधीच काउंटरवर द्यावे.